चुंबळीच्या आकाराचा अँटेना आणि एका वाक्याची दुरुस्ती

आजचा ठरलेला विषय आम्ही पुढच्या वेळेवर ढकलतो आहोत. आज एक दुरुस्ती करायची आहे, आणि ती तळटीपेत उरकण्यासारखी नाही.

याच मालेत ‘अशक्य’ या शब्दावर बोलताना आम्ही असं म्हटलं होतं की, विज्ञानात ‘अशक्य’ हा शिक्का फार काळ टिकत नाही. आणि जाता जाता एक उदाहरण दिलं होतं. लहान अँटेनाच्या क्षमतेला मर्यादा आहे असं पुस्तकं सांगतात, पण अमेरिकेत कड्यावर तार उलटसुलट गुंडाळून ती मर्यादा ओलांडली गेली असं म्हणतात, हे ते उदाहरण. ‘म्हणतात’ हा शब्द आम्ही वापरला होता खरा. पण कोण म्हणतं, कशावरून म्हणतं, याची चौकशी केली नव्हती. टाळी घेणारं वाक्य होतं, ते घेतलं आणि पुढे गेलो.

त्यानंतर एका श्रोत्याचं पत्र आलं. गृहस्थ हौशी रेडिओचे परवानाधारक आहेत. त्यांची सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही. आमचं वाक्य ऐकून त्यांनी दोन महिने खपून गॅलरीत मावेल असं एक कडं तयार केलं, त्यावर तांब्याची तार दोन उलट दिशांनी गुंडाळली आणि सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर लावून पाहिली. मीटर उत्तम दाखवतो, दूरची स्टेशनं ऐकूही येतात, पण ह्यांनी हाक दिली की उत्तर क्वचित. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, “सर, चूक माझ्या गुंडाळीत आहे की तुमच्या वाक्यात?”

उत्तर आधीच देऊन टाकतो. चूक आमच्या वाक्यात आहे. पण नुसतं ‘चुकलो’ म्हणून भागत नाही. कुठे चुकलो आणि कशी चूक झाली, हे सांगितलं तर तिचा काही उपयोग. आमची पदवी तत्त्वज्ञानातली, अँटेना हा आमचा विषय नव्हे. म्हणून पत्र आल्यावर आम्ही मूळचे लेख घेऊन बसलो, गणितात अडलो तिथे अभियांत्रिकी शिकवलेल्या मित्रांना त्रास दिला, आणि जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. डोक्यावर घागर घेताना खाली जी कापडाची चुंबळ ठेवतात, तो आकार डोळ्यांपुढे आणा. भूमितीत त्याला टोरस म्हणतात, विद्युत अभियंते टोरॉइड म्हणतात. त्या चुंबळीभोवती तार गुंडाळत गेलं की टोरॉइडल हेलिक्स तयार होतं. आता गंमत पाहा. वीज त्या तारेतून जाताना दोन गोष्टी एकदम करते. प्रत्येक वेढ्यात ती चुंबळीच्या अंगाभोवती फिरते, आणि त्याच वेळी हळूहळू पूर्ण कड्याभोवती पुढे सरकत जाते. पहिल्या फिरण्यामुळे कड्याच्या आतल्या पोकळीत गोलाकार चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसऱ्या सरकण्यामुळे अख्खं कडं एका साध्या वेढ्यासारखं वागतं.

संशोधकांना पहिला परिणाम हवा होता, दुसरा नको होता. म्हणून दुसरी तार उलट पिळाने गुंडाळायची, आणि दोन्ही तारांना वीज अशा रीतीने द्यायची की, कड्याभोवतीचं सरकणं एकमेकांना खोडेल आणि अंगाभोवतीचं फिरणं एकमेकांत मिळेल. उलटसुलट पिळाची ही युक्ती तशी जुनी आहे. १९५६ साली बर्डसॉल आणि एव्हरहार्ट यांनी ती प्रगामी तरंगनलिकांसाठी, म्हणजे ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबसाठी मांडली होती. अँटेना म्हणून टोरॉइडवर जेम्स कोरम यांना १९८६ साली पेटंट मिळालं. आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कर्ट व्हॅनव्होऱ्हीस यांनी उलटसुलट गुंडाळीचा टोरॉइडल अँटेना विकसित केला, त्याचं पेटंट १९९५ सालचं आहे.

आतल्या पोकळीत चुंबकीय क्षेत्राचा एक बंद वेढा तयार झाला, तर त्यातून काय मिळतं? विद्युतचुंबकीय सिद्धांत सांगतो की, चुंबकीय प्रवाहाचा लहानसा आडवा वेढा दुरून पाहिला तर उभ्या दांड्याच्या अँटेनासारखाच दिसतो. म्हणजे उंच खांब न उभारता, जमिनीलगतच्या आडव्या कड्यातून खांबाचं काम. ही कल्पना खोटी नाही, बरं का. भौतिकशास्त्रात तिला स्वतंत्र मान आहे. याकोव्ह झेल्डोविच यांनी १९५७ साली कणभौतिकीच्या संदर्भात अशाच टोरॉइडी रचनेचा विचार मांडला होता. तेव्हा ज्यांनी हा अँटेना ‘थोतांड’ म्हणून उडवून लावला, त्यांचंही आम्हाला पटत नाही.

मग अडतं कुठे? इथे घरातली एक वस्तू आठवा. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये गोल, वड्यासारखा ट्रान्सफॉर्मर असतो. तो टोरॉइडल का करतात? कारण त्या आकारात चुंबकीय क्षेत्र आतच राहतं, बाहेर सांडत नाही, शेजारच्या तारांत गुणगुण येत नाही. जो आकार न गळण्यासाठी निवडला जातो, त्याच्याकडून इथे गळण्याची अपेक्षा आहे. वारंवारता वाढली, म्हणजे कडं तरंगलांबीच्या मानाने मोठं होत गेलं, की तो गळू लागतो हे खरं. पण कडं लहान असताना त्यातून बाहेर पडणारं प्रारण, तेवढ्याच मापाच्या साध्या दांड्याच्या मानानेही फार क्षीण असतं. ऊर्जा मात्र आत खूप साठते. साठा मोठा आणि विसर्ग छोटा, ही या कड्याची प्रकृती झाली.

आता मर्यादेकडे वळू. १९४७ साली हॅरॉल्ड व्हीलर यांनी लहान अँटेनाच्या मूलभूत मर्यादांवर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या लॅन जेन चू यांनी त्याला गणिती रूप दिलं. चूंची पद्धत आम्हाला, एक तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून, फार आवडली. त्यांनी अँटेनाकडे पाहिलंच नाही. त्यांनी अँटेनाभोवती एक काल्पनिक गोल काढला, ज्यात तो पुरता मावेल असा लहानात लहान. आणि विचारलं की, या गोलाच्या बाहेर जे तरंग जाऊ शकतात ते निसर्गनियमाने कसे असतात? प्रत्येक जातीच्या तरंगाबरोबर गोलाबाहेर काही ऊर्जा नुसती ये-जा करत राहते, आणि काही कायमची निघून जाते. या दोहोंचं गुणोत्तर, म्हणजे अभियंत्यांचा ‘क्यू’. तो किमान किती असलाच पाहिजे, एवढंच चूंनी काढलं.

क्यू म्हणजे काय ते देवळातल्या घंटेवरून समजेल. चांगली घंटा एकदा वाजवली की नाद बराच वेळ घुमतो, आणि ती एकाच सुरात घुमते. क्यू जास्त. तिला फडकं गुंडाळा, नाद चटकन विरतो. क्यू कमी. पण नाद विरला याचा अर्थ आवाज गावात जास्त पोचला असा होत नाही. तो फडक्यात गेला. हे फडकं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सूत्र सोपं आहे. गोलाची त्रिज्या घ्या, तिला दोन पायने गुणा आणि तरंगलांबीने भागा. जो आकडा येईल त्याच्या घनाचा व्यस्त आणि त्या आकड्याचा व्यस्त, यांची बेरीज म्हणजे किमान क्यू. या नेमक्या रूपाची फेरतपासणी जेम्स मॅक्लीन यांनी १९९६ साली केली. आकडा अर्धा असेल तर किमान क्यू दहा. आकडा एक पंचमांश असेल तर १३०. एक दशांश असेल तर १०१०. आकार निम्मा केला की किंमत दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. घनाचा हिशोब असा निर्दय असतो.

आता आमच्या श्रोत्याचं कडं घेऊ. सात मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी जवळजवळ ४३ मीटर. हिशोब सोपा व्हावा म्हणून कड्याभोवतीच्या गोलाची त्रिज्या ६८ सेंटिमीटर धरू, त्यांचं कडं साधारण तेवढंच आहे. आकडा आला एक दशांश, किमान क्यू १०१०. म्हणजे तारेत, सांध्यांत, आधारात अजिबात ऊर्जा वाया गेली नाही असं आदर्श कडं धरलं, तर ते ढोबळमानाने सात किलोहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात काम करील. एका माणसाचं बोलणं त्यात मावतं, पण जरा बाजूला सरकायचं तर पुन्हा जुळणी करावी लागेल. श्रोत्याने कळवलेला आकडा काय आहे? त्यांचा मीटर १४० किलोहर्ट्‌झपर्यंत समाधानी आहे. आदर्श कड्याच्या वीसपट! त्यांना वाटलं, मर्यादा ओलांडली. इथेच तो घंटेचा नियम लावा. १४० किलोहर्ट्‌झ म्हणजे मोजलेला क्यू सुमारे पन्नास. बाहेर जाणाऱ्या प्रारणाच्या दृष्टीने क्यू १०१० पेक्षा कमी असू शकत नाही. पन्नास भागिले १०१०, म्हणजे जवळजवळ पाच टक्के. दिलेल्या शंभर वॅटमधले फार तर पाच वॅट आकाशात जातात, उरलेले पंचाण्णव गॅलरी उबदार ठेवतात. जुळणीची काटेकोर सूत्रं लावली तर आकडा आणखी थोडा खाली येतो, वर जात नाही.

आणि हे पाच टक्के वरच्या टोकाचे आहेत. कारण चूंच्या हिशोबात गोलाच्या आतली ऊर्जा धरलेलीच नाही. कड्याच्या पोकळीत अडकलेली ऊर्जा निराळी. शिवाय चपटं कडं त्या गोलाचा फार थोडा भाग वापरतं. कुणी म्हणेल, कड्यातून विद्युत आणि चुंबकीय अशा दोन्ही जातींचं प्रारण एकदम काढू. मॅक्लीननी तोही हिशोब दिला आहे. दोन्ही समसमान निघाले तरी आपल्या उदाहरणात किमान क्यू १०१० वरून ५१० वर येतो. निम्मा झाला, नाहीसा झाला नाही.

आता आमची चूक नेमकी कुठे झाली ते सांगतो. या अँटेनाच्या बाजूने जो युक्तिवाद फिरतो, आणि आम्ही जो न तपासता उचलला, तो असा: चूंची मर्यादा नेहमीच्या अँटेनांना लागू आहे, हा अँटेना वेगळ्या तत्त्वावर चालतो, म्हणून ती याला लागू नाही. ऐकायला पटतं. पण चूंच्या सिद्धतेत ‘नेहमीचा अँटेना’ हे गृहीतक कुठेच नाही. आत दांडा आहे, वेढा आहे, चुंबळ आहे की आणखी काही, हे तो गोल विचारतच नाही. मर्यादा यंत्रावर घातलेली नाही, गोलाबाहेरच्या अवकाशाच्या स्वभावातून ती निघते. विद्यार्थ्यांना कांट शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो की, एखादी वस्तू अशी आहे का हा एक प्रश्न, आणि तशी असण्याच्या अटी काय हा वेगळा प्रश्न. वर्गात सांगितलेली गोष्ट व्याख्यानात विसरलो. विमान उडालं तेव्हा ‘हवेपेक्षा जड वस्तू उडणार नाही’ हे मत पडलं, कोणतीही सिद्धता पडली नाही. मत आणि सिद्धता यांना आम्ही एकाच दावणीला बांधलं.

पत्रातल्या पुराव्यांकडे येऊ. आपल्या नैयायिकांनी यासाठी फार धारदार हत्यारं घडवून ठेवली आहेत. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं म्हणायचं, तर जिथे अग्नी नाही तिथे धूर कधीच नसतो हे दाखवावं लागतं. जो हेतू साध्य असतानाही सापडतो आणि नसतानाही सापडतो, तो सव्यभिचार, म्हणजे हेत्वाभास.

पहिला पुरावा: मीटर उत्तम दाखवतो, म्हणून अँटेना उत्तम. इथे मीटर म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो दाखवणारा. तो सांगतो एवढंच की, पाठवलेली शक्ती परत येत नाही. ती कुठे गेली हे सांगत नाही. रेडिओवाल्यांकडे डमी लोड नावाची वस्तू असते, तेलात किंवा हवेत गार होणारा एक रोध. त्यावर मीटर सगळ्या पट्ट्यांवर अप्रतिम दाखवतो, आणि त्यातून काही बाहेर जाऊ नये हाच त्याचा हेतू असतो. हेतू आहे, साध्य नाही. पुरावा बाद.

दुसरा पुरावा: दूरची स्टेशनं ऐकू येतात. सात मेगाहर्ट्‌झवर आकाशातला आणि शहरातला गोंगाटच इतका असतो की, अकार्यक्षम अँटेना आवाज आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी करतो. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट त्याच्याही खाली असेल तोवर ऐकण्यात फरक जाणवत नाही. मीडियम वेव्हच्या जुन्या ट्रान्झिस्टरमधली बोटभर फेराइटची कांडी याच आधारावर चालत होती. ती घेऊन कुणी आकाशवाणीचं प्रक्षेपण करायला गेलं नाही. ऐकण्याचा पुरावा बोलण्याला लागू होत नाही. हाही बाद.

तिसरा: क्वचित का होईना, कोलकात्याहून उत्तर आलं. पाच टक्के म्हणजे तेरा डेसिबलची घट. समोरच्याच्या मीटरवर दोन एस-युनिटांहून थोडी जास्त. हवामान अनुकूल असेल त्या दिवशी पाच वॅटवर हजारो किलोमीटर बोलणारे हौशी लोक आहेत, आणि ते साधी तार लावतात. यश मिळालं ते आयनमंडलाचं. कड्याच्या वाट्याला त्यातलं किती द्यायचं हे ठरवायचं, तर त्याच ठिकाणी, त्याच वेळी, दुसरा अँटेना आलटून पालटून लावावा लागतो.

चौथी गोष्ट पुरावा म्हणून आलेली नाही, पण सगळ्यात महत्त्वाची आहे. कड्यापासून रेडिओपर्यंत जी केबल जाते, तिच्या बाहेरच्या अंगावरून वीज वाहू लागली, तर ती केबलच अँटेना होते. मग चूंचा गोल कड्याभोवती काढून चालत नाही, केबलसकट काढावा लागतो. दहा मीटर केबल धरली तर गोलाची त्रिज्या ६८ सेंटिमीटर न राहता पाच मीटर होते, आणि मर्यादा इतकी सैल होते की ती ओलांडायचा प्रश्नच येत नाही. अनेक ‘चमत्कारी’ छोट्या अँटेनांच्या बाबतीत पहिली शंका इथे घ्यावी. केबलवर कड्यापाशी फेराइटच्या रिंगा चढवा आणि पुन्हा मोजा. चमत्कार उरला तर बोलू.

आता पेटंटाविषयी. आम्ही स्वतः ‘अमेरिकन पेटंट आहे’ या गोष्टीला मनातल्या मनात वजन दिलं होतं. पेटंट नवेपणाला मिळतं. ही रचना आधी कुणी केली नव्हती, ती सहज सुचण्यासारखी नव्हती आणि तिचा काही उपयोग आहे, एवढं तिथे पाहिलं जातं. इतर अँटेनांपेक्षा ती सरस आहे का, हे पेटंट कार्यालय गच्चीवर नेऊन मोजत नाही. या शोधाबाबत तर पुढे विद्यापीठ आणि संशोधक यांच्यात खटला झाला, आणि २००२ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. वाद कशाचा? मालकीचा. संशोधकाने हक्क विद्यापीठाच्या नावे करून द्यायचे की नाही याचा. कुणी निकाल वाचून ‘कोर्टातही सिद्ध झालं’ म्हणेल, तर तिथे अँटेनाचा क्यू सिद्ध झालेला नाही. वस्तू कुणाची, हे ठरलं. आपल्याकडे जमिनीच्या दाव्याचा निकाल लागला म्हणून जमिनीला पाणी लागतं असं नाही, तसंच हे.

तज्ज्ञांनी काय केलं? २००१ साली आयईईईच्या अँटेना आणि प्रसारण या विषयाच्या नियतकालिकात या अँटेनावर दोन अभ्यास आले. एक हॅन्सन आणि रिजली यांचा, तो त्याच्या क्षेत्रांचा. दुसरा मायरन यांचा, गणित आणि संगणकीय अनुकरण यांच्या आधारे. पुढे २००६ साली रॉबर्ट हॅन्सन यांचं लहान अँटेनांवरचं पुस्तक आलं, आणि त्याची रचनाच आम्हाला समीक्षेचा धडा वाटली. हॅन्सननी दोन निरनिराळे विभाग केले. एका विभागात अशा अँटेना, ज्यांच्यामागचं भौतिकशास्त्र चतुर आहे पण आकडे वाईट येतात. दुसऱ्या विभागात ज्यांना त्यांनी सरळ विकृत म्हटलं, ज्यांचं तर्कशास्त्रच बिघडलेलं आहे. क्रॉस्ड फील्ड अँटेना त्यांनी दुसऱ्यात टाकला. उलटसुलट गुंडाळीच्या टोरॉइडला मात्र पहिल्यात जागा दिली.

या विभागणीत न्याय आहे असं आम्हाला वाटतं. आपल्याकडे, आणि हे फक्त विज्ञानात नव्हे, एखादी गोष्ट चालली नाही की दोनच खुर्च्या असतात. एक अवहेलना झालेल्या प्रतिभावंताची, दुसरी भोंदूची. आम्ही कड्याला पहिल्या खुर्चीत बसवलं होतं. आमच्यावर चिडून लिहिणाऱ्या दोघातिघांनी ते उचलून दुसऱ्या खुर्चीत आदळलं. हॅन्सननी तिसरी खुर्ची मांडली: विचार खरा, हिशोब तोट्याचा. बहुतेक प्रामाणिक प्रयत्नांची जागा तीच असते. आमच्या श्रोत्याच्या दोन महिन्यांचीही.

मर्यादा मान्य करून काम केलं की काय मिळतं, त्याचंही उदाहरण आहे, आणि तेही गुंडाळीचंच. स्टीव्हन बेस्ट यांनी २००४ साली तार चुंबळीवर न गुंडाळता गोलाच्या पृष्ठभागावर गुंडाळली, चार पदरी, दुमडलेली. गोलाची सगळी जागा वापरायची हा त्यातला विचार. तिचा क्यू चूंच्या किमान आकड्याच्या सुमारे दीडपटीपर्यंत आला. पोकळ गोलावर, फक्त पृष्ठभागावरच्या विजेने, त्याहून खाली जाता येत नाही असं हर्बर्ट थाल यांनी २००६ साली दाखवलं. बेस्ट यांनी मर्यादा मोडल्याचा दावा केला नाही. ती कुठे आहे हे ठाऊक होतं, म्हणून तिच्या इतक्या जवळ जाता आलं.

आता उलट बाजूने एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. मग मर्यादा ही देवाची आज्ञा समजायची का? नाही. चूंचा निष्कर्ष काही अटींवर उभा आहे. वस्तू रेषीय असावी, निष्क्रिय असावी, काळाबरोबर तिचे गुणधर्म बदलू नयेत. या अटी सोडल्या, म्हणजे जुळणीत सक्रिय इलेक्ट्रॉनिक मंडल आणलं, किंवा संदेशाबरोबर अँटेनाच बदलत नेला, तर पट्ट्याच्या रुंदीचं गणित बदलू शकतं, आणि त्यावर गंभीर काम चाललेलं आहे. पण ते काम करणारे आधी सांगतात की, आम्ही अमुक अट सोडतो आहोत. मर्यादेतून सुटायचा खरा रस्ता एवढाच: कोणती अट सोडली ते बोट ठेवून दाखवायचं. ‘आमचं तत्त्व निराळं आहे’ एवढ्याने कोणतीच अट सुटत नाही. दोन तारा आणि एक कडं, हे सगळं रेषीय, निष्क्रिय आणि स्थिर आहे. चूंच्या घरातच आहे.

आणखी एक न्याय्य गोष्ट सांगून टाकतो. वारंवारता बरीच वाढवली, म्हणजे कडं तरंगलांबीच्या मानाने मोठं झालं, तर ते बरं काम करू शकतं. बुटकेपणा हा त्याचा खरा गुण आहे. पण तेव्हा ते लहान उरत नाही. ‘लहान’ हा शब्द सेंटिमीटरमध्ये मोजायचा नसतो, तरंगलांबीत मोजायचा असतो. जाहिरातीत सेंटिमीटर असतात, हिशोबात तरंगलांबी. या दोन मापांच्या मधल्या फटीत बरेच दावे राहायला येतात.

तर आमच्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. तुमच्या गुंडाळीत दोष नाही. तुम्ही जे बनवलं ते ज्या कामासाठी बनवलं त्याला पुरं पडणार नाही, आणि त्याला कारण तुमचे हात नव्हेत. ऐकण्यासाठी ते कडं जरूर ठेवा. बोलण्यासाठी, सोसायटीच्या चिटणिसांना दिसणार नाही अशी बारीक तार, जमेल तितकी लांब, हा आमच्या अभियंता मित्रांचा सल्ला. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, चिटणिसांना आधी विचारा, कारण त्या वादात चू आपल्या मदतीला येणार नाहीत.

आणि तुम्हा सर्वांसाठी आमच्या त्या जुन्या वाक्याची दुरुस्ती. ‘अशक्य हा शिक्का टिकत नाही’ असं आम्ही म्हणालो होतो. त्याऐवजी असं लिहून घ्या: ‘अशक्य’ ऐकलं की विचारा, हे मत आहे की सिद्धता? मत असेल तर खुशाल धडक द्या. सिद्धता असेल तर तिच्या अटी वाचा, आणि तुमची वस्तू त्यांपैकी कोणत्या अटीबाहेर आहे ते सांगा. सांगता आलं नाही, तर मीटर काहीही दाखवो, आधी केबलवर रिंगा चढवा.

त्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणातून ते वाक्य काढून टाकावं का, असं संयोजकांनी विचारलं. आम्ही नको म्हणालो. ते तसंच राहू द्या, खाली या व्याख्यानाचा उल्लेख करा. पुढच्या वेळी राहून गेलेला विषय घेऊ, कार्यकारणभाव. तोपर्यंत श्रोत्यांपैकी कुणी दोन अँटेना आलटून पालटून लावून मोजले, तर आकडे जरूर कळवा. आमच्या विरुद्ध गेले तरी वाचून दाखवू.